इंदुमतीबाईंची पक्की प्रयोगशाळा

डॉ. इंदुमती ठोंबरे यांना ठाऊक असलेली गोष्ट कॉलेजातल्या कुणी पुरुष प्राध्यापकाने समजावून सांगितली, की त्यांच्यासमोर एक वीट पडायची. लाल, पक्की भाजलेली. नियमाप्रमाणे ती वीट बाईंचीच. फक्त भांडारात नोंद करावी लागे.

"कुणी समजावलं?" भांडाराचे भाऊसाहेब विचारत.

"चौबळ सरांनी. बुरशी."

"पण बुरशीवरचं पुस्तक तुमचंच ना, मॅडम?"

"त्यातलंच चौथं पान समजावलं."

भाऊसाहेब मान हलवून शिक्का मारत.

प्रयोगशाळेसाठी बाईंनी सहा वर्षं अर्ज केले होते. ग्रंथालयामागे जागा होती, बांधकामाला मंजुरी नव्हती. शेवटी बाईंनी स्वतःच विटा रचायला घेतल्या. शिपाई शेवंताबाई गारा कालवून देई. जानेवारीपर्यंत तीन भिंती उभ्या राहिल्या. चौथी छातीपर्यंत आली आणि विटा पडायच्या थांबल्या.

बांधकाम प्राचार्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं होतं. त्यांनी परिपत्रक काढलं: ठोंबरे मॅडमना कुणीही काहीही समजावू नये.

सोमवारी तपासणी समिती येणार होती. प्रयोगशाळा नसली तर अभ्यासक्रम बंद, आणि बाईंच्या अकरा मुली घरी.

शनिवारी मधल्या सुट्टीत बाई चहाचा कप घेऊन स्टाफरूममध्ये जाऊन बसल्या. शेवंताबाई ढकलगाडी घेऊन दाराशी थांबली.

"शेवंता, काल एक बुरशी पाहिली गं," त्या म्हणाल्या. "छान होती."

चौबळ सरांनी ओठ घट्ट मिटले. निमकर सर खिडकीबाहेर पाहू लागले. बाईंनी चहावर फुंकर घातली.

"छान?" चौबळ सरांना राहवेना. "मॅडम, मुळात बुरशी ही वनस्पतीच नाही, हे आधी लक्षात घ्या."

धप्प.

"अहो सर, असं नाही. त्यांना सोपं करून सांगायला हवं," निमकर सर खुर्ची ओढत पुढे आले.

धप्प.

घंटा होईपर्यंत शेवंताबाईच्या दोन ढकलगाड्या भरल्या.

"मॅडम, चौथी भिंत छपरापर्यंत जाईल बघा," ती म्हणाली.

रविवारी दोघींनी भिंत पुरी केली. छपराचे पत्रे आणि दार बाईंनी घरून आणलं.

सोमवारी समितीसमोर प्राचार्य हसून पुढे झाले. "मॅडम, दार आत ढकलायचं असतं, बरं का."

धप्प.

बाईंनी वीट उचलली, दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून वीट खाली लावून ठेवली. अकरा मुली आत गेल्या.

"मॅडम, हिची नोंद?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नंतर. तास सुरू झालाय."