टेंबेकाकांचा पूर्वार्ध

पडद्यावर मध्यंतराची पाटी आली की डॉक्टर मधुकर टेंबे उठतात, कोट घालतात, रांगेतल्या सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. सिनेमा कितीही रंगलेला असो. नायिकेला नुकतंच पळवलेलं असो. काका गेले म्हणजे गेले.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा वाटलं, टॉयलेटला गेले असतील. नंतर वाटलं, तब्येत बिघडली असेल. सत्तरीचा माणूस. घाबरून बाहेर आले, तर काका फॉयेच्या दालनात कॉफी पीत क्रॉसवर्ड सोडवत होते. संपला का, म्हणून त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर माझ्याकडे जरा रागानेच बघून म्हणाले, "मग बाहेर काय करतेस? जा आत. तुझा भाग चालू आहे."

बँकेच्या नोकरीसाठी मी बर्मिंगहॅमला आले तेव्हा काका छातीच्या विकारांचे कन्सल्टंट म्हणून रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पत्नी शैलाकाकू नुकत्याच गेल्या होत्या. मी राहायचे त्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. माझ्याकडे गाडी नव्हती, त्यांच्याकडे सोबत नव्हती, त्यामुळे महिन्यातून दोन रविवार आम्ही मॅटिनीला जायचो.

महाराष्ट्र मंडळाच्या त्रैमासिकात ते चित्रपट परीक्षण लिहायचे. सदराचं नाव 'पूर्वार्ध'. मी बिचारी पुढच्या अंकात 'उत्तरार्ध' शोधत बसले. तो कधीच यायचा नाही. पण जो अर्धा ते लिहीत, तो अस्सल असे. एका नायिकेच्या खोकल्यावर त्यांनी अख्खा परिच्छेद खर्च केला होता: हा टीबी नव्हे, टीबीचा खोकला असा सुरात येत नाही, बाईंना फार तर धुळीची अ‍ॅलर्जी आहे. नाडीवर दोन बोटं ठेवून 'मुबारक हो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काढून घ्यावं, अशी मागणी तर ते दर अंकात करत. शेवटचं वाक्य नेहमी एकच: 'मध्यंतरापर्यंत पेशंट स्टेबल.'

आम्ही सगळे हसायचो, पण इतकी प्रेमळ परीक्षणं मी दुसरीकडे वाचलेली नाहीत. दिग्दर्शकाला ते झोडत नसत. मागे चहा घेऊन येणाऱ्या नोकराने कसा छान पाय पुसून घरात पाऊल टाकलं, ते त्यांना दिसायचं. कुठलाही सिनेमा इंटर्व्हलपर्यंत पडलेला नसतो, असं त्यांचं मत होतं. तोपर्यंत सगळ्यांना चान्स असतो.

गंमत अशी की जुन्या सिनेमांचे शेवट काकांना पाठ होते आणि सगळे चुकीचे होते. जो नायक आख्ख्या भारताला रडवून मेला, तो काकांच्या मते बरा होऊन नाशिकला स्थायिक झालेला. कुणी दुरुस्ती केली की ते शांतपणे म्हणायचे, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. दुसरा सिनेमा असेल." त्यांची मुलगी मीनल इंग्लंडमध्येच वाढलेली, लंडनजवळ मेडनहेडला असते. तिने वाढदिवसाला जुन्या सिनेमांच्या डीव्हीडींचा मोठा सेट दिला होता. एकदा फोनवर ती आपल्या मोडक्या मराठीत मला म्हणाली, "बाबांना दुसरा हाफ का नाही आवडते? मी इतकी मोठी बॉक्स दिला, त्यांनी प्लॅस्टिकपण काढला नाही." तऱ्हेवाईक आहेत, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

मग मंडळाच्या दिवाळीत अभिजितने फिल्मी क्विझ ठेवली. अभिजित सॉफ्टवेअरमधला, उत्साही मुलगा. काका आमच्या टीमचे कॅप्टन. सिनेमांच्या पहिल्या भागातले प्रश्न आले की बझरवर हात त्यांचाच. आम्ही पुढे होतो. शेवटचा प्रश्न आला एका जुन्या सिनेमावर. एक होडीवाला असतो, गावात पूर येतो. तर शेवटी होडीवाल्याचं काय होतं?

काकांनी बझर दाबला आणि म्हणाले, "पलीकडच्या काठाला लागतो. पुढे त्याला पोस्टात नोकरी मिळते."

हॉलमध्ये हशा पिकला. अभिजित म्हणाला, काका, बुडतो तो. काका म्हणाले, नाही बुडत. बायको रात्रभर कंदील घेऊन उभी असते आणि पहाटे तो येतो. इतकं बारीक वर्णन ऐकून दोघं-तिघं गोंधळलेसुद्धा. अभिजितकडे ती फिल्म लॅपटॉपवर होती. त्याने हसत हसत शेवटची तीन मिनिटं भिंतीवर लावली.

होडीवाला बुडाला. कंदील कुठेच नव्हता, पोस्टही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या टीमला गुण मिळाले. काका भिंत रिकामी झाल्यावरही तिकडेच बघत होते. मग मला म्हणाले, निघू या का? फराळ राहिलाच.

गाडी सिग्नलला थांबल्यावर ते अचानक सांगायला लागले.

मीनल तान्ही होती तेव्हाची गोष्ट. नवीन देश, नातेवाईक कुणी नाही, बेबीसिटर परवडायचा नाही. रविवारी दुपारी जवळच्या एका थिएटरमध्ये हिंदी सिनेमा लागायचा. दोघांनाही सिनेमाचं वेड. मग त्यांनी एका तिकिटात मार्ग काढला. पहिला भाग काका बघायचे. इंटर्व्हलला शैलाकाकू प्रॅम ढकलत थिएटरच्या दारात यायच्या. काका प्रॅम घ्यायचे, काकू तिकीट घ्यायच्या आणि आत जायच्या. दारावरचा पंजाबी माणूस ओळखीचा झाला होता, तो फक्त हसायचा. संध्याकाळी जेवताना आधी काका पहिला भाग सांगायचे, मग काकू दुसरा.

"मीनल मोठी झाल्यावर आम्ही एकदा जोडीने गेलो," काका म्हणाले. "सगळा सिनेमा एकत्र बघितला. येताना गाडीत एकमेकांना सांगायला काहीच नाही. इतकं चुकल्यासारखं झालं की पुढच्या वेळी परत आपलं अर्धं अर्धं."

मी विचारलं, म्हणजे होडीवाल्याचा शेवट काकूंनी सांगितलेला?

"सगळे शेवट तिचेच." मग म्हणाले, "तेव्हा आमच्या वॉर्डात फार माणसं दगावायची. मला सवय होत नव्हती. घरी येऊन मी नीट जेवायचो नाही. मी कधी बोललो नाही तिच्याशी. वाटायचं, तिला कळत नसेल."

मला घराशी सोडताना त्यांनी आठवणीने गुडनाइट म्हटलं.

दोन आठवडे त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, संपला आमचा सिनेमा. मग एका रविवारी सकाळी फोन: दोनचा शो आहे, येतेस का? मी गेले. काका नेहमीसारखे मन लावून बघत होते, नायकाच्या वडिलांना दम्याचा पंप उलटा धरल्याबद्दल शिव्याही घातल्या. पाटी आली. ते उठले, कोट घातला, सॉरी सॉरी करत बाहेर गेले. अंधारात मला हायसं वाटलं.

सिनेमा संपल्यावर फॉयेमध्ये त्यांनी माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली होती. क्रॉसवर्ड नव्हतं.

"सांग," ते म्हणाले.

आजवर त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. आणि दुसऱ्या भागात तर नायकाचे वडील मुलाला भेटायला निघतात आणि घाटात त्यांची बस दरीत कोसळते. मी तिथपर्यंत आले आणि अडखळले. म्हटलं, आणि मग ते बसने... मग ते पोचतात.

काकांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं पेशंटच्या चेहऱ्यावरून आजार ओळखणारा माणूस तो.

"तुला जमत नाही ते," ते सौम्यपणे म्हणाले. "आहे तसं सांग."

मी आहे तसं सांगितलं. बस, दरी, मुलगा स्टँडच्या फलाटावर वाट बघत उभा. काकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर कपातल्या फेसाकडे बघत बसले.

"शैलाने त्यांची बस चुकवली असती," ते म्हणाले.

"कशी?"

"छत्री विसरले असते. घ्यायला परत गेले, तोवर बस सुटली." ते सावकाश, अंदाज घेत बोलत होते. "मग फाट्यावर थांबले. तिथं एक भजीवाला. तो म्हणाला, आजोबा, आता सकाळचीच गाडी. इथंच टेका."

"मग?"

"मग सकाळच्या गाडीने गेले. मुलगा स्टँडवरून घरी परतलेला. यांनी बेल वाजवली." काका थांबले. पुढचं त्यांना दिसत होतं, पण सांगायची घाई नव्हती. "मुलाने दार उघडलं. बॅग घेतली हातातून. म्हणाला, आधी आत या, गार झालंय बाहेर."

मी विचारलं, आणि पुढे काय झालं असतं?

"पुढे काय व्हायचंय," काका म्हणाले. "म्हातारा माणूस. कुणीतरी दार उघडलं, झालं की."