देवीची तीन नावं आणि तीन डुकरिणी

रोमजवळच्या प्राएनेस्ते गावात परिटांचा देवीचा सण होता आणि यंदाचं यजमानपद नुमेरियसकडे आलं होतं. अंगावरचा टोगा पदरासारखा डोक्यावरून ओढून, बासरीच्या सुरात त्याने "हे माते मिनर्वा" अशी प्रार्थना न अडखळता म्हटली. डुकरिणीच्या मानेवरून सुरी फिरली आणि मागून त्याचे चुलतसासरे काइसोकाका ओरडले, "थांबा! बाद!" काकांना हरकत सुचायची ती सुरी फिरल्यावरच.

"काय चुकलं, काका?"

"मिनर्वा कसली? हे रोमच्या पोरांचं खूळ. माझ्या आजीच्या आरशावर स्पष्ट 'मेनेर्वा' कोरलंय. सबाइन लोकांच्या डोंगरातून आलेली देवी ती!"

विधीत एक शब्द चुकला की सगळं पहिल्यापासून, आणि डुकरीणही नवी. जमलेल्या परिटांनी गंभीरपणे माना डोलावल्या. बाद डुकरिणीचं मटण काही बाद होत नाही.

नवी डुकरीण जवळपास एकच होती: नुमेरियसच्या अंगणातली, मुलीच्या लग्नासाठी वर्षभर पोसलेली. लग्न परवावर आलेलं. बायको दिंदिया दारात आडवी उभी राहिली.

"तिला हात लावून तर बघा! वऱ्हाडाला काय दगड वाढू?"

"अगं, देवी कोपली तर गिऱ्हाइकांचे कपडे डागाळतील. मग असल्या परिटाच्या पोरीला कोण करून घेईल?"

"मेनेर्वा" म्हणत दुसरी गेली. आता परिटांमधला वेल्थूर उठला. त्याचे वाडवडील नदीपलीकडचे, एट्रुस्कन.

"देवी आमची. मेन्र्वा! मधला 'ए' तुम्ही लोकांनी घुसडलात."

"शंका आली ना? मग बाद," काका म्हणाले.

तिसरी डुकरीण नुमेरियसने खाली मान घालून होणाऱ्या व्याह्यांकडून मागून आणली. व्याह्यांनी दिली, पण लग्नाबद्दल अवाक्षर काढलं नाही. या खेपेला त्याने तिन्ही नावं घेतली, वर "किंवा ज्या नावाने हाक मारलेली तुला आवडेल, त्या नावाने" असंही जोडलं. कुणाला बोट ठेवायला जागा उरली नाही.

पंगत बसली. नुमेरियस काकांकडे वळला.

"काका, गेल्या वर्षी यजमान तुम्ही होतात. काय म्हणाला होतात?"

"मिनर्वाच. आजीचा आरसा तेव्हा कुठे सापडला होता?"

"म्हणजे ते बाद? तुमच्याकडून एक डुकरीण येणं आहे?"

काकांच्या घशात बरगडी अडकली. पाणी पिऊन ते मऊ आवाजात म्हणाले, "छे रे! देवी भाव बघते. ती घेते समजून."

दिंदियाने त्यांच्यापुढचं ताट उचललं. "घेते ना? मग आता परवा तुम्हीच दारात उभं राहून व्याह्यांची समजूत घाला."