सूर्यानं हलायचं नाही

बाबारावकाकांसमोर चुकूनही ग्रहणाचा विषय काढू नये. काढणाऱ्याला तिथल्या तिथं सूर्य व्हावं लागतं.

अकोल्यात आमच्या शेजारी राहणारे हे काका म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. विज्ञान त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नाही, त्याची सगळी भरपाई आता चाललीय. पिठाच्या चक्कीवर, भाजीच्या ठेल्यावर, सापडेल त्याला धरून उभा करतात. "तू सूर्य. हालाचं नाही! तू पृथ्वी. मी चंद्र." चंद्र पृथ्वीला नेहमी एकच बाजू दाखवतो, म्हणून काका पृथ्वीकडे तोंड ठेवून खेकड्यासारखे आडवे चालतात. "चंद्र मधात आला का सूर्यग्रहण, पृथ्वी मधात आली का चंद्रग्रहण. राहू-केतू कोठी दिसून राहिले का तुले?"

बाळापूरला एका लग्नात कुणीतरी विचारलं, "मंग दर पुनवेले गिरान काहून नाही लागत?" झालं! काकांनी नवरदेवाला सूर्य केलं, त्याच्या सासऱ्याला पृथ्वी. "चंद्राची वाट तिरपी हाय. कधी वरून जाते, कधी खालून," म्हणत स्वतः एका बाजूला खुर्चीवरून गेले आणि दुसऱ्या बाजूला टेबलाखालून. निघताना टेबलाला डोकं लागलं आणि वरचा सगळा मठ्ठा पृथ्वीच्या अंगावर सांडला. तिकडे मुहूर्त टळतो म्हणून भटजी ओरडतायत, आणि नवरदेव म्हणतो, "पण काकानं हालू नको म्हटलं ना!"

परवाच्या चंद्रग्रहणाला मात्र प्रसंग आमच्याच घरात आला. बहीण मंगला बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आईनं तिला दुपारपासून खोलीत बसवून ठेवलं होतं. खायचं नाही, चिरायचं नाही, कूस बदलायची नाही. संध्याकाळ झाली तशी भुकेनं बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईशी भांडून मी थकलो आणि शेवटी काकांना बोलावून आणलं.

ते आले तेच आईला सूर्य करायला. आई कडाडली, "भाऊजी, तुमचा खेळ तुमच्यापाशी ठेवा! लेकराले काही झालं त कोण निस्तरन?"

काका जागीच थांबले. मग हळूच उंबऱ्यावर बसले.

"वैनी, आमच्या पोराचा ओठ जन्मापासून फाटका होता. माह्या बायकोनं गिरानात वांगं चिरलं म्हणून तसं झालं, असं सारे म्हणत. मीबी म्हटलं. डाक्टरनं ओठ शिवला, पोरगं चांगलं झालं, नोकरीले लागलं. ती मात्र मरेपर्यंत सोताले कोसत राह्यली. मले हे समदं समजलं, तवा आयकाले ती नव्हती."

आई आत गेली, ताट वाढून आणलं आणि मंगलापुढे ठेवलं.

अंगणापलीकडे कडेनं झाकलेला चंद्र वर येत होता. "काका, बघा, लागलं!" मी म्हणालो. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मंगलाकडे बघत ते तिथंच बसून राहिले.

"खाय बेटा," ते म्हणाले, "पोटभर खाय."