रशियनची पूर्वतयारी

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या एका निरीक्षकांना त्यांच्या मुलीने परदेशातून फोन केला आणि सांगितलं, "बाबा, लग्नाला त्याचे आईवडील येणार आहेत. त्यांना रशियनशिवाय दुसरं काही येत नाही. तुम्ही जमेल तेवढं शिकून ठेवाल का? फार नको. या, बसा, कसे आहात, एवढं आलं तरी पुष्कळ."

विनंती साधी होती. लग्नाला जवळजवळ वर्ष होतं. निरीक्षकांची तब्येत ठणठणीत होती, स्मरणशक्ती शाबूत होती आणि मुलगी एकुलती एक होती. म्हणजे रशियन शिकण्यात कोणत्याही बाजूने अडचण नव्हती. निरीक्षकांनी "अवश्य" म्हटलं, फोन ठेवला आणि कामाला लागले.

उभ्या आयुष्यात त्यांनी तपासल्याशिवाय काहीही स्वीकारलेलं नव्हतं. नोकरीत असताना किराणावाल्यापासून सराफापर्यंत सगळे त्यांच्यापुढे चळचळा कापत. निवृत्तीनंतर ते काम त्यांच्या बायकोकडे आलं होतं. ती कापत नसे, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने रशियनची दोन पुस्तकं काढून पुढे ठेवली. एकात पहिल्या धड्यात मुळाक्षरं होती. दुसऱ्यात पहिल्याच धड्यात एक बाई स्टेशनवर आपली बॅग शोधत होती.

"यातलं चांगलं कोणतं?" निरीक्षकांनी विचारलं.

"दोन्ही चालतात साहेब."

"चालतात म्हणजे? कोणाला? कुठपर्यंत? कशावरून?"

दुकानदाराने मान खाजवली. "कुठलंही एक उघडा नि सुरुवात करा की."

हा सल्ला निरीक्षकांना अत्यंत बेजबाबदार वाटला. त्यांनी दोन्ही पुस्तकं घेतली, घरी आणली आणि न उघडता टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. निकष ठरायच्या आधी पुस्तक उघडलं तर मत कलुषित होतं, असं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. बायकोने त्यावर भाजीचं पातेलं ठेवू का, एवढंच विचारलं.

निकष ठरवण्यासाठी ते फोनवरच्या एका गटात सामील झाले. हा गट नव्याने रशियन शिकणाऱ्यांचा होता आणि त्यात हजारो लोक होते. गटाचे प्रमुख स्वतःला 'ज्येष्ठ आरंभक' म्हणवत. कितीतरी वर्षं ते आरंभच करत आलेले असल्यामुळे त्यांचा शब्द अंतिम मानला जाई. गटात दोन पक्ष होते. आधी अक्षरं शिकावीत असं एक पक्ष म्हणे. आधी नुसतं ऐकावं, अक्षर डोळ्यांपुढेही आणू नये, असं दुसरा म्हणे. दोन्ही पक्षांत इतकं वितुष्ट होतं की एका जोडप्याने यावरून वेगळ्या खोल्या केल्याचं कळत होतं. रशियनमध्ये मात्र या गटात कोणी काही लिहीत नसे. तसा नियमच होता. नवशिक्यांवर दडपण येऊ नये म्हणून.

निरीक्षकांना इथे माहेरी आल्यासारखं वाटलं.

मग साधनं येऊ लागली. फोनवर शिकवणारं एक ॲप आलं. त्यात एक अस्वल होतं. ते 'शेजाऱ्याचा घोडा माझी छत्री खात नाही' असली वाक्यं म्हणायला लावी आणि आपण हजेरी चुकवली की डोळ्यांतून पाणी काढी. निरीक्षकांनी छत्रीचं वाक्य पाठ केलं नाही, पण अस्वल कशाने रडतं आणि किती वेळ रडतं याची सविस्तर नोंद केली. मग शब्दांच्या चिठ्ठ्या दाखवणारा प्रोग्रॅम आला. कोणती चिठ्ठी किती दिवसांनी परत दाखवायची, हे त्यात आपण ठरवायचं असतं. ते ठरवण्यात उन्हाळा गेला. चिठ्ठी एकही भरलेली नव्हती, पण ती भरलीच तर नेमकी वेळेवर परत येईल अशी चोख व्यवस्था झाली.

त्यानंतर कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रशियन अक्षरांची लेबलं चिकटली आणि आतली भाषाही बदलली. बायको इमारतीच्या व्यवस्थापकाला बाथरूमच्या गळतीबद्दल लिहायला बसली आणि सगळा अर्ज रशियन अक्षरांत उमटून निघून गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'आपला अर्ज वाचता येत नसल्याने मंजूर करण्यात येत आहे.' गळती थांबली. रशियनचा त्या घराला झालेला हा पहिला आणि शेवटचा फायदा.

अधूनमधून मुलीचा फोन येई.

"बाबा, काहीतरी बोलून दाखवा ना."

"अगं, निवड चालू आहे. घाईघाईत चुकीच्या पुस्तकातून शिकलो तर चुकीचंच पक्कं होईल. मग ते विसरायला वेगळं साधन शोधावं लागेल."

"पण नुसतं नमस्कार तरी?"

"नमस्काराबद्दल तर फारच मतभेद आहेत," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले.

मुलगी हसली. लग्नानंतर ती आणि जावई इकडेच राहायला येणार होते. मागच्या गल्लीत तिने फ्लॅटही पाहून ठेवला होता. आईबाबा म्हातारपणी एकटे पडू नयेत, हा तिचा हट्ट. बायको त्या फ्लॅटच्या खिडक्यांची मापं घेऊन आली होती. ती मापं निरीक्षकांनी पुन्हा एकदा जाऊन तपासली आणि परत येताना उगाचच शीळ घातली. निवृत्तीनंतर त्यांना शीळ घालताना कोणी ऐकलं नव्हतं.

लग्न जवळ आलं तसा निरीक्षकांनी आपला तुलनात्मक अहवाल गटात प्रसिद्ध केला. कागदाची जाडी, बांधणीची मजबुती, अक्षरांचा ठळकपणा, अस्वलाचा स्वभाव, अशा सर्व अंगांनी साधनांची छाननी त्यात होती. गटात खळबळ उडाली. दोन्ही पक्षांनी अहवाल आपल्याच बाजूचा असल्याचं जाहीर केलं. लोक निरीक्षकांना फोन करून सल्ला विचारू लागले. शहरात एकाने रशियनचा क्लास काढला होता. त्याने उद्घाटनालाही त्यांनाच बोलावलं. हा क्लासवाला आदल्या वर्षापर्यंत स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगड्या विकत असे, पण काळाची पावलं त्याला बरोबर ऐकू येत.

उद्घाटनात एका विद्यार्थिनीने हात वर केला. "सर, तुम्हाला रशियन किती येतं?"

क्लासवाला खुर्चीतून अर्धवट उठला.

"मी परीक्षक आहे," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "तराजू तपासणाऱ्याला तुम्ही कांदे किती विकले, असं कोणी विचारत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विद्यार्थिनी ओशाळून खाली बसली.

यथावकाश मुलगी आणि जावई आले आणि त्यांच्याबरोबर व्याही आणि विहीणबाईही आले. व्याही ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात मुकादम होते. दरवाज्यात मावणार नाहीत असा देह आणि लहान मुलासारखे डोळे. विहीणबाईंना दिसायला कमी आलं होतं. त्या हाताने चाचपडत सोफ्यावर बसल्या आणि निरीक्षकांच्या बायकोचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मुलगी मध्ये बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होती. निरीक्षक प्रत्येक वाक्याला जाणकारासारखी मान डोलावत. कोणी काही विचारलं तर ते "दा", म्हणजे हो, म्हणत. हा एक शब्द त्यांना कुठून आला होता कोण जाणे. बहुधा अस्वलाकडून.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुलगी आणि जावई विवाह नोंदणीच्या कचेरीत गेले होते. दोन्ही बायका आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तेवढ्यात क्लासवाला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हजर झाला. निरीक्षकसाहेब खऱ्या रशियन माणसाशी बोलतात हे त्याला मुलांना दाखवायचं होतं. त्याने मोबाइल उभा धरला आणि चित्रण सुरू केलं.

व्याह्यांना या गर्दीचं काही वाटलं नाही. ते सकाळपासून काहीतरी मनात घोळवत असावेत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, निरीक्षकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला सुरुवात केली. हळू बोलत होते, मध्येच थांबत होते. एकदा आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, एकदा स्वतःच्या डोळ्यांकडे. शेवटी त्यांनी बोट वर करून एक वाक्य सावकाश, समजावल्यासारखं म्हटलं. त्यात "अत्विचाय" असा काहीसा शब्द होता.

निरीक्षकांनी त्यातला 'चाय' ऐकला.

"दा," ते प्रसन्नपणे म्हणाले.

व्याह्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं.

"दा, दा," निरीक्षक म्हणाले, आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक!"

व्याही उभे राहिले. त्यांनी निरीक्षकांना मिठीत घेतलं आणि लहान मुलासारखे रडू लागले. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. "उच्चार बघा नुसता!" क्लासवाला म्हणाला. त्यालाही एक अक्षर कळलेलं नव्हतं, पण उच्चार उत्तम असल्याबद्दल त्याची खात्री होती. संध्याकाळच्या आत ते चित्रण गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर होतं.

मुलगी आणि जावई घरी परतले तेव्हा जावयाचा चेहरा वेगळाच दिसत होता. त्याने वाटेत ते चित्रण ऐकलं होतं. तो निरीक्षकांच्या पाया पडला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "तुम्ही फार मोठे मन. माझे पप्पा मला हे कधी विचारले नसते."

मुलगी दारातच उभी होती. "बाबा, मला विचारायचं तरी होतंत."

"काय?"

"सासूबाईंची नजर जात चाललीय. त्या दोघांना तिकडे कोणी नाही. आम्ही दोघं कायमचं तिकडे जाऊन राहिलो तर तुमची हरकत आहे का, असं विचारलं त्यांनी. तुम्ही नको म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही म्हणाले. 'लगेच उत्तर देऊ नका' असंसुद्धा म्हणाले. आणि तुम्ही क्षणाचाही विचार न करता हो म्हणालात. दोनदा. मी इथे येत होते ते तुमच्यासाठी येत होते, बाबा. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

ती जवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला नक्की कळलं होतं ना, ते काय म्हणत होते ते? नसेल तर सांगा. अजून काही बिघडलं नाही. मी त्यांना समजावीन."

हे सगळं सोडवायला एक वाक्य पुरे होतं, तेही आपल्याच भाषेतलं. निरीक्षकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला, मग पुन्हा, मग थांबेचना. गटातून अभिनंदनं येत होती. 'अहवालाची सत्यता आज सिद्ध झाली' असं ज्येष्ठ आरंभकांनी लिहिलं होतं. सोफ्यावर व्याही विहीणबाईंच्या कानात काही सांगत होते आणि त्या निरीक्षक जिथे उभे नव्हते त्या दिशेला पाहून हात जोडत होत्या.

"म्हणजे काय," निरीक्षक म्हणाले. "शब्दन् शब्द कळला."

मुलीने मान हलवली आणि आत गेली.

बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांगा. काय कळलं होतं तुम्हाला?"

"साधारण अंदाज होता."

"कसला अंदाज?"

निरीक्षकांनी चहाचं रिकामं भांडं उचलून पालथं घातलं. "मला वाटलं, चहा घेऊ या म्हणतायत."

बायकोने ओट्यावरचं फडकं उचललं, डोळ्यांना लावलं, मग त्याच फडक्याने ओटा पुसायला घेतला. स्वच्छ ओटा ती पुसतच राहिली.

लग्न थाटात झालं. मुलगी गेली. मागच्या गल्लीतला फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी घेतला आणि खिडक्यांना आपल्या मापाचे पडदे लावले. निरीक्षक फिरायला जाताना आता पुढच्या गल्लीने जातात.

पण माणूस अनुभवातून शिकतो. निरीक्षकांनी मनाचा हिय्या करून एका सकाळी गटात प्रश्न टाकला : 'नकार देण्यासाठीचा शब्द सर्वांत आधी शिकवणारं साधन कोणतं? तातडीने हवं आहे.'

उत्तरांचा पाऊस पडला. कोणी पुस्तक सुचवलं, कोणी त्याच पुस्तकाची जुनी आवृत्ती सुचवली, कारण नव्या आवृत्तीत नकार खूप मागे ढकललाय म्हणे. अक्षर-पक्षाने सांगितलं की आधी त्या शब्दाची अक्षरं शिकावीत. ऐका-पक्षाने सांगितलं की खरा नकार कानातूनच मुरतो. क्लासवाल्याने 'नकार : एक पायाभूत अभ्यासक्रम' जाहीर केला आणि त्याच्या जागा भरल्यादेखील. चर्चा अजून चालू आहे. तो शब्द कोणता, हे मात्र त्या सबंध चर्चेत कोणी लिहिलेलं नाही.

तो इथे सांगता आला असता. एवढासाच आहे, एका श्वासात मावेल इतका. पण कुठल्याशा गोष्टीतून भाषा शिकणं तुम्हाला पटायचं नाही. तुम्ही आधी चांगलं पुस्तक बघाल. बघितलं असेल, तर निरीक्षकांना जरूर कळवा. त्यांची ती दोन्ही पुस्तकं टेबलावरच आहेत, त्यांच्या शेजारी अजून जागा आहे.