चालत्या हाताचं घड्याळ

मंगळवारी सकाळी कुकर लावता लावता पुष्पलताबाईंनी विचारलं, "अहो, किती वाजले?" मार्तंडराव गावंडे यांनी मोठ्या दिमाखात डावी बाही मागं सारली आणि सांगितलं, "तीन वाजून दहा मिनिटं."

"सकाळचे?"

मार्तंडरावांनी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक नव्हती.

हिंगण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलेला हा माणूस. दोन मिनिटं उशिरा येणाऱ्या फिटरच्या नावापुढं लाल शाईची खूण करताना त्यांनी कधी मागंपुढं पाहिलं नाही. जूनमध्ये ते रिटायर झाले, तेव्हा हैदराबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, मुग्धानं, हे परदेशी घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. "बाबा, याच्यात सेल नाही. नुसती चक्रं. नीट सांभाळलं तर पिढ्यान्‌पिढ्या चालते," ती म्हणाली होती. आणि ते चार महिन्यांतच बंद पडलं.

सीताबर्डीवर रुपराव नावाचे जुने घड्याळजी होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पाठीची काच न्याहाळली आणि दोनदा घड्याळ हलवलं. सेकंदकाटा मुकाट्यानं चालू लागला.

"घडीले काही झालं नाही," रुपराव म्हणाले. "उपाशी आहे."

"म्हणजे?"

"याले सेल नाही, चावी नाही. हात हालला का आतलं चक्र फिरते, त्याच्यावर हे चालते. तुमचा हातच हालून नाही राहिला. दिवसभर काय करता?"

"रिटायर आहो."

"हां," रुपराव म्हणाले, रोगाचं निदान झाल्यासारखं.

घरी येऊन मार्तंडरावांनी "सर्व्हिसिंग केली" एवढंच सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या आळसाची नोंद ठेवली आणि आता आपल्या आळसाची नोंद आपल्याच मनगटावर होते, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी दुसरा उपाय काढला. पुष्पलताबाई देवपूजेला बसल्या की सात ते सव्वासात गॅलरीत उभं राहायचं, डोळे मिटायचे, मनातल्या मनात पाचशेपर्यंत मोजायचं आणि डावा हात जोरानं हलवायचा. घड्याळ खूश झालं.

समोरच्या गॅलरीत अंजनाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

दुपारी त्या पुष्पलताबाईंकडे आल्या. "पुष्पा, तुले सांगू का नको, असं होऊन राहिलं वं. भाऊंचा डावा हात थरथरते. ओठही हालतात. आमच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं."

दुसऱ्या दिवशी पुष्पलताबाईंनी पूजा अर्धी सोडून पडद्याआडून पाहिलं. हात थरथरत होता. ओठ हलत होते. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि एक शब्द न बोलता सेवा सुरू केली. माणसाला आजार कळला की तो निम्मा खचतो, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवसापासून चहा अर्धाच कप येऊ लागला, सांडू नये म्हणून. वरणभात कालवून येऊ लागला. भाजीची पिशवी उचलायला गेले तर "राहू द्या, मी आणते." वर्तमानपत्राचं पानसुद्धा पुष्पलताबाईच उलटत. चौतीस वर्षांच्या नोकरीची ही कदर पाहून मार्तंडरावांना गहिवरून आलं. पण त्यामुळं हात थोडाफार हलत होता तोही थांबला आणि घड्याळ संध्याकाळीच मान टाकू लागलं. मग त्यांनी संध्याकाळी सहाला अर्धा तास वाढवला.

"वाढला वं," समोरून अंजनाबाई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी काटोलहून पुष्पलताबाईंचा भाऊ बळीराम आला. खांद्यावर संत्र्यांचं पोतं, हातात तेलाची बाटली.

"भाऊजी, डावा हात द्या इकडं."

"काहून?"

"थंडी येऊन राहिली. सांधे मोकळे राहतात."

बळीरामनं तासभर हात रगडला आणि वर बजावलं, "आता दिवसभर हालवू नका." तेल लागू नये म्हणून काढलेलं घड्याळ कपाटात गेलं ते ठार झालं. शुक्रवारी बिचाऱ्यांना दुप्पट हलवावं लागलं.

शनिवारी मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, हात दाखवा ना."

घड्याळ पाहायचं असेल, असं मार्तंडरावांना वाटलं. ते नेमकं बंद होतं. म्हणून त्यांनी आधी हात खाली धरून जोरजोरात झटकला आणि मग हसत कॅमेऱ्यापुढं धरला. मुग्धाचा चेहरा पडला. रविवारी ती दारात उभी होती.

सोमवारी अकरा वाजता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरली. "बळीरामले दाखवायचं आहे, तुम्ही सोबत चला," असं मार्तंडरावांना सांगितलं. साडेदहाला सगळे चपला घालून तयार, आणि हे बनियनवर बसलेले.

"चला ना बाबा!"

मार्तंडरावांनी मनगट पाहिलं. "लय वेळ आहे. साडेआठच तर झाले."

बळीराम बहिणीच्या कानाशी लागला. "बाई, डोक्यातही गेलं."

दवाखान्यात बळीराम बाजूला सरकला आणि खुर्चीवर मार्तंडरावांना बसवण्यात आलं. ते काही विचारतील तोवर डॉक्टर म्हणाले, "हात समोर धरा." हात स्थिर. "नाकाला बोट लावा." बोट बरोबर नाकावर. डॉक्टरांनी पुष्पलताबाईंकडे पाहिलं. "थरथर केव्हा होते?"

"सकाळी सात ते सव्वासात. अन् संध्याकाळी सहाला अर्धा तास."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज? याच टाइमाला?"

"टाइम ऑफिसात होते ना," बळीरामनं खुलासा केला.

तेव्हा कुठं मार्तंडरावांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, बायकोचे सुजलेले डोळे पाहिले आणि मान खाली घातली. "घड्याळ चालू करत होतो," ते म्हणाले. "हात हालला नाही तर ते बंद पडते. अन् मी दिवसभर बसूनच असतो. मुग्धानं एवढ्या हौसेनं दिलं... मले लाज वाटली."

मुग्धानं तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळेना. डॉक्टरांनी कागदावर एकच ओळ लिहिली: घरकामास हरकत नाही.

पुष्पलताबाई ऑटोत बसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि आपल्या हातात, बांगड्यांच्या मागं, चढवलं. "दहा-बारा दिवस रडली मी तुमच्यापायी. आता हे माह्याजवळ राहीन."

त्यांच्या हातात घड्याळ एकदाही थांबलं नाही. पोळ्या, धुणं, झाडू, पाणी भरणं. मार्तंडरावांना वेळ पाहायची तर स्वयंपाकघरात जावं लागे, आणि तिथं रिकाम्या हाती उभं राहिलेल्याला पुष्पलताबाई सोडत नसत. दिवाळीपर्यंत ते मेथी निवडायला शिकले. त्यानंतर भांडी.

डिसेंबरात पुष्पलताबाई चार दिवस भावाकडे काटोलला गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"अहो, घड्याळ बंद पडलं वाटते. सकाळपासून पावणेसातच दाखवून राहिलं. माह्या हातून पडलं-बिडलं नाही, शप्पथ."

मार्तंडराव दुधाचं पातेलं घासत होते. त्यांनी नळ बंद केला. "तिथं काय करून राहिली तू?"

"काय करन? वहिनी कशालेच हात लावू देत नाही. काल दिवसभर झोपाळ्यावर बसली, आजही बसून आहो. हालवून पाहू का?"

"नको, नको," मार्तंडराव घाईघाईनं म्हणाले. "अजिबात हालवू नको. अजून चार दिवस राहा तिथं. राहू दे ते बंदच."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि पुन्हा नळ सुरू केला.