नावाड्याची बायको, पाहा : संकीर्ण

सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके सापडतात, ही गोष्ट वार्षिक तपासणीत उघडकीस आली. तपासणी अधिकाऱ्यांनी अहवालात आडपडदा ठेवला नाही. ‘पुस्तक सापडण्याचे प्रमाण समाधानकारक आहे. मात्र ते कोणत्या पद्धतीने सापडते, याचा उलगडा होत नाही. वाचक कपाटापाशी जातो, हात घालतो आणि पुस्तक काढतो. हा प्रकार त्वरित थांबवण्यात यावा.’

ग्रंथपालांची नोकरी संपत आली होती आणि जाता जाता असला शेरा कपाळी नको होता. त्यांनी सगळ्या पुस्तकांची नव्याने सूची करण्याचा हुकूम काढला आणि दारावर पाटी लावली : ‘आपल्या सोयीसाठी ग्रंथालय बंद आहे.’

ज्या सकाळी पाटी लागली, त्याच सकाळी एक म्हातारा गवंडी पुस्तकाची मुदत वाढवायला आला होता. मुदत वाढवायची तर पुस्तक आधी जमा करायचे आणि मग तिथेच उभे राहून पुन्हा घ्यायचे, असा नियम होता. पुस्तक जमा झाले. पुन्हा घ्यायच्या आत पाटी लागली. गवंडी हात हलवत घरी गेला.

त्याची हयात भिंती बांधण्यात गेली होती. अक्षरओळख झाली ती हातातली थापी खाली ठेवल्यावर, प्रौढांच्या वर्गात. त्यामुळे तो प्रत्येक अक्षराला मान देऊन वाचत असे. जोडाक्षर आले की थांबायचे, वर-खाली बघायचे, भार पेलेल की नाही याचा अंदाज घ्यायचा आणि मगच पुढे सरकायचे. त्याची बायको न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडून घेऊन खाटेवर पडली होती. तिचा वेळ जावा म्हणून तो रोज संध्याकाळी तिला मोठ्याने वाचून दाखवी.

पुस्तक एका नावाड्याचे होते. नावाड्याची बायको भांडून नदीपलीकडे निघून गेली होती. नावाडी दिवसभर माणसे पलीकडे पोहोचवी, पण स्वतः मात्र नावेतून खाली पाय ठेवत नसे.

“उतर की मेल्या!” गवंड्याची बायको खाटेवरून ओरडे. मग मोर्चा नवऱ्याकडे वळे. “आणि तुम्ही जरा भरभर वाचा हो. या चालीनं तो उतरायच्या आधी मीच वर जाईन.”

हे ती गमतीने म्हणे, पण शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यावर आली होती, आणि या वयात भूल दिल्यावर काय होईल ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. पुस्तकाची थोडीच पाने उरली होती.

“मला भूल द्यायच्या आत कळलं पाहिजे, ती परत येते की नाही,” तिने नवऱ्याला बजावले. “अर्धवट गोष्ट पोटात घेऊन मी टेबलावर चढायची नाही. सांगून ठेवते.”

ग्रंथालय उघडले तेव्हा गवंडी दारात पहिला होता. आत सगळेच बदलले होते. कपाटांच्या पुढे जाळी बसवली होती. दालनाच्या मध्यभागी एक टेबल, टेबलावर संगणक आणि संगणकामागे नवी सूचीकार बसली होती. बोलायला गोड, पदवी ताजी.

“पुस्तकाचं नाव, काका?”

“नाव काही बघितलं नाही ताई. वर खाकी पुठ्ठा होता. मी आपलं गोष्ट सुरू होते तिथून सुरू केलं.”

“लेखक?”

“गाठ नाही पडली.”

“मग विषय सांगा. नवी पद्धत विषयावरच चालते.”

“बायको रुसून निघून गेलीय.”

सूचीकाराचा चेहरा मऊ झाला. “अरेरे. कधी?”

“माझी नव्हे हो, नावाड्याची. माझी घरीच आहे. तिला उठताच येत नाही.”

सूचीकाराने ‘नावाडी’ असा शब्द घातला. पडद्यावर आले : ‘पाहा : जलवाहतूक’. तिने जलवाहतूक पाहिली. तिथे होते, ‘पाहा : वाहतूक’. वाहतुकीत होते, ‘पाहा : रस्ते’. रस्त्यांखाली ‘पाहा : खड्डे’. खड्ड्यांखाली ‘पाहा : पाणीसाठे’. आणि पाणीसाठ्यांखाली ‘पाहा : जलवाहतूक’.

“म्हणजे आपण होतो तिथंच आलो की,” गवंडी म्हणाला.

“अगदी बरोबर तिथंच,” सूचीकार अभिमानाने म्हणाली. “एवढं फिरूनसुद्धा तसूभर चूक नाही.”

बोलणे ऐकून ग्रंथपाल आपल्या खोलीतून बाहेर आले. गवंड्याने त्यांना नमस्कार करून पहिल्यापासून सगळे सांगितले. ग्रंथपालांनी डोळे मिटून ऐकले.

“बाबा, ते पुस्तक आता एका जागी नाही,” ते म्हणाले. “नव्या पद्धतीत एका पुस्तकाला एकच विषय. सूचीकारानं पुस्तक वाचत बसायचं नाही, पान बघायचं आणि विषय ठरवायचा. आता तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय आहे?”

“नावाडी नावेच्या बुडाला डांबर लावतोय. पाणी आत येत असतं.”

“म्हणजे गळती. ती पानं आम्ही पाणीपुरवठा खात्याला पाठवली. फार खूश आहेत ते, त्यांच्याकडे या विषयावर काहीच नव्हतं. पुढं नवरा-बायकोचं भांडण लागलं. म्हणजे विषय बदलला. एकाच पुठ्ठ्यात दोन विषय नांदू शकत नाहीत. ती पानं उसवून कुटुंब सल्ला केंद्राला दिली.”

“आणि शेवट?”

“शेवटाचाच तर त्रास असतो.” ग्रंथपालांनी सुस्कारा सोडला. “शेवटी कोणी मरतं, कोणी परत येतं, कोणी नुसतंच नदीकडे बघत बसतं. त्याला विषय काय द्यायचा? म्हणून सगळे शेवट संकीर्णमध्ये ठेवलेत.”

संकीर्ण म्हणजे जिन्याखालची काचेच्या दाराची खोली. गवंडी दाराशी गेला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. आत छतापर्यंत गठ्ठे रचले होते. उसवलेल्या पाठी, लोंबणारे दोरे, कुठे अर्धे चित्र. रचणाऱ्याला सांधेमोड, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देणे, ठाऊक नव्हती, त्यामुळे सगळी रास एका बाजूला कलली होती. त्या राशीत, अगदी हाताच्या अंतरावर, एका गठ्ठ्यातून लाल दोरी बाहेर आली होती. विटांचा थर सरळ यावा म्हणून गवंडी जी दोरी ताणतात, तिचाच तो तुकडा. खूण म्हणून त्यानेच पानात ठेवला होता.

“तो बघा साहेब! तो माझा गठ्ठा! दोरी लोंबतेय बघा!”

ग्रंथपालांनी चष्मा पुसून पाहिले. “हो. दिसतोय खरा. पण सापडलेला नाही.”

“डोळ्यांसमोर आहे की!”

“अहो, अहवालात हाच ठपका आहे आमच्यावर. लोकांना पुस्तक दिसायचं आणि लोक ते घेऊन जायचे. याला सापडणं म्हणत नाहीत, बाबा. आधी शोध, मग नोंद, मग प्राप्ती.”

“मग नोंद करा आणि द्या.”

“संकीर्णमध्ये नोंद नसते. नोंद झाली तर ते संकीर्ण कसलं?”

गवंड्याचा चेहरा पाहून सूचीकाराला दया आली. तिने नियम चाळले आणि वाट काढली. वाचकाने त्या पानांत काय आहे ते थोडक्यात लिहून द्यायचे. लिहिलेले जुळले की पाने द्यायची.

“त्यात काय आहे तेच तर मला कळायला हवंय, ताई.”

“पण काका, माहीत नसताना मागायचं कसं? अशानं उद्या कुणीही येईल आणि स्वतःला माहीत नसलेलं पुस्तक मागेल.”

गवंड्याने घरी जाऊन बायकोला सगळा प्रकार सांगितला. ती खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. मग तिचे डोळे चमकले.

“सोपं आहे. आपणच शेवट लिहून देऊ.”

“अगं, पण खोटं होईल ते.”

“होऊ दे. ते जुळवून बघणार ना? जुळलं तर पानं मिळतील. नाही जुळलं तर म्हणतील, ‘असं नाही आजोबा, तसं आहे.’ म्हणजे कळलंच की! घ्या कागद. लिहा, ती परत येते.”

“आपणहून?”

“मग काय, तो आणायला जाणार आहे? इतकी पानं झाली, मेला नावेतून उतरला नाही. तीच येते. आधी नावेचं बूड बघते, डांबर नीट लावलंय का. मग आत बसते आणि म्हणते, ‘सरक. वल्हं इकडं दे.’ लिहिलंत?”

“‘वल्हं’ लिहितोय. जरा दम धर.”

गवंडी अक्षरे विटेवर वीट ठेवावी तशी ठेवत होता. कागद पुरा व्हायला अख्खी संध्याकाळ गेली. खाली त्याने सही केली. सहीत एक काना जास्त पडला, पण तो आधाराला राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांना तो आवडलेला दिसला.

“जुळतंय का साहेब?” गवंड्याने विचारले.

“जुळवायचं तर गठ्ठा सोडावा लागेल. सोडला तर वाचावा लागेल. आणि वाचत बसायचं नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच.” त्यांनी कागद सूचीकाराकडे दिला. “पण तुमचा कागद उत्तम आहे. विषय स्पष्ट, हेतू स्पष्ट, खाली सही. असा शेवट आमच्या संग्रहात दुसरा नाही. याला क्रमांक द्या.”

सूचीकाराने कागदावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि त्याला खाकी पुठ्ठा लावला. संगणकात नोंद झाली : ‘नावाड्याची बायको : परत येणे.’ पहिल्यांदाच ‘पाहा’ आले नाही.

“आणि तो गठ्ठा?” गवंडी म्हणाला.

“तो आता जादा झाला. एका पुस्तकाला दोन शेवट कसे ठेवणार? एकाची नोंद आहे, एकाची नाही. बिननोंदीचा रद्दीत, कागदाच्या लगद्याला जाईल.”

गवंडी ओरडला. उभ्या आयुष्यात तो मुकादमावरसुद्धा इतका ओरडला नव्हता. ग्रंथपालांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवले. लगद्याची गाडी मागच्या दाराला लागलेलीच होती. गठ्ठे उचलून फेकणारा हमाल म्हणाला, “बाबा, कागदाला हात लावू नका, तो वजनावर गेलाय. दोरी न्या हवी तर. दोरीची कुठं नोंद नाही.”

गवंड्याने दोरी ओढून घेतली. ओढताना एक पान जरासे बाहेर आले. त्याने पटकन वाचायला घेतले, पण पहिलाच शब्द जोडाक्षराचा निघाला. तो त्याचा अंदाज घेत असताना गाडी हलली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्याने दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसून ग्रंथालयातून मिळालेला खाकी पुठ्ठा उघडला आणि वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“हे तर माझंच आहे.”

“हो. पण त्यावर शिक्का आहे आता.”

“बघू.” तिने कागद डोळ्यांजवळ नेला, शिक्क्यावरून बोट फिरवले. “आहे खरा. मग तसंच झालं असेल. पण अहो, ती म्हणाली, ‘वल्हं इकडं दे.’ त्यावर तो काय म्हणाला?”

गवंड्याने कागद उलटून पाहिला. “ते तू सांगितलंच नव्हतंस.”

“मला कुठं माहीत होतं? तेवढ्यासाठीच तर पुस्तक हवं होतं,” ती म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

ग्रंथालयाची मात्र भरभराट झाली. गवंड्याचे पाहून इतर वाचकही आपापले शेवट लिहून देऊ लागले आणि शिक्का मारून तेच घरी नेऊ लागले. प्रेमात पडलेल्यांना लग्ने मिळाली. भाऊबंदकीत अडकलेल्यांना चुलतभाऊ देशोधडीला लागलेले मिळाले. एका सेवानिवृत्त मास्तरांना सगळे विद्यार्थी कृतज्ञ निघालेले मिळाले. पुढच्या तपासणीत अधिकाऱ्यांनी लिहिले, ‘प्रत्येक वाचकास हवे तेच मिळते. तक्रार एकही नाही. पुस्तकांची आवश्यकता यापुढे भासेल असे वाटत नाही.’ ग्रंथपाल पदक घेऊन निवृत्त झाले. पाणीपुरवठा खात्याने शहरातल्या फुटक्या नळांना डांबर फासले.

गवंड्याची बायको शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आली. आता ती वॉकर धरून घरभर फिरते आणि नवऱ्याच्या वाचण्याला नावे ठेवते.

निदान वर तसे लिहिले आहे. गोष्टीच्या मध्यापासून तुम्ही मनात तेच मागत होता, म्हणून तसे लिहून, शिक्का मारून दिले आहे. या गोष्टीची खरी पाने त्या लगद्याच्या गाडीतून गेली. तुमचे हसून झाले असेल, तर खाली सही करा.