ज्याचा माल, त्याचा उपास

आमच्या काशिनाथशेठ पाटलांना जेवायला बोलवायचं, तर आधी त्यांच्या भिवंडीतल्या कापडाच्या लूमवर कुठल्या देशाचा माल चढलाय ते विचारावं लागतं. ‘ज्याचा माल, त्याचा उपास’ हा त्यांचा नियम. रमजानात ओमानची ऑर्डर असली, की हा आगरी गडी दिवसभर पाणीही पीत नाही आणि संध्याकाळी कामगारांच्या पंगतीत बसून खजूर खातो. "त्याच्या सणाचं कापड आपण पोट भरून विणायचं? बरं दिसतं का, मास्तर?"

मी शेजारी राहणारा इंग्रजीचा मास्तर. शेठची परदेशी पत्रं मीच लिहितो. त्यांत मालाबद्दल चार ओळी आणि सणाबद्दल पानभर मजकूर असतो.

यंदा इथिओपियाची ऑर्डर मिळाली नसती, तर शेठचे निम्मे लूम भंगारात जाणार होते. तिथले लोक ईस्टरला पांढऱ्या सुती शाली पांघरतात. पण त्याआधी जवळजवळ दोन महिने मांस नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. बोंबलाशिवाय घास न उतरणाऱ्या शेठनी नुसतं सॅम्पल विणायला घेतलं आणि उपास धरला. कामगार गालात हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो.

तिथला व्यापारी तेस्फाये ऐन उपासातच आला. आदल्या दिवशी शेजारच्या काल्हेर गावातल्या एका शेठने त्याला ‘प्युअर व्हेज’ म्हणून पनीरचे चार प्रकार वाढले होते. बिचारा कोरडा भात खाऊन उठला. आमच्याकडे तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर कोरा चहा.

"दूध?" त्याने चाचपून पाहिलं.

"अपना भी बंद है," शेठ म्हणाले. मी भाषांतर केलं.

तेस्फाये पोट भरून जेवला, शालीची किनार नीट तपासली आणि सगळे लूम वर्षभर चालतील एवढी ऑर्डर देऊन गेला. शेठनी लूमवर नारळ फोडला. त्या दिवशी भिवंडीत त्यांच्याएवढी ताठ मान कोणाचीच नसेल.

पहिला माल बोटीत चढल्यावर मी म्हटलं, "शेठ, आता तरी बोंबील खा."

शेठनी मान हलवली. "घरवाली सुमन होती तवर मी शिफ्टवरून येईस्तोवर जेवायची न्हाय. आता घरात एकच ताट. उपास धरला का वाटतं, कुठंतरी कोणी आपल्यासंगं उपाशी हाय."



इथिओपियाच्या ईस्टरला मी शेठकडेच होतो. त्यांचं ताट वाढलेलं होतं. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तेस्फायेचं अख्खं घर आमच्या शाली पांघरून एका मोठ्या ताटाभोवती बसलं होतं. कोणीही ताटाला हात लावला नव्हता.

"पाटील, पहिला घास तुम्ही घ्या," तेस्फाये इंग्रजीत म्हणाला. "आम्ही तुमच्यासाठी थांबलोय."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण शेठनी भाकरी केव्हाच मोडली होती.